हलू नकोस

५ जानेवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातलाय. चालवून घे.

फोन का केला नाही, असं विचारशील. तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून आरशापाशी ठेवतेस, आणि मग माझ्या घरच्या गोष्टींवर तुझ्या खुर्चीत केस कापून घेणारी बाई मत देते. मागच्या वेळी एका अनोळखी आवाजाने मला रक्तदाबावर तीन उपाय सांगितले. शिवाय फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस. पत्रात निदान शिव्या पूर्ण मिळतात.

तर मुद्द्यावर येते. बदली होऊन इथे येऊन मला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत केसांना कात्री लागलेली नाही. पाठीच्या मध्यापर्यंत आलेत. होय, माझेच. ज्या डोक्याबद्दल "तुझी मान आखूड, तुला लांब केस शोभत नाहीत" असं सांगून तू मला जन्मभर खांद्याच्या वर ठेवलंस, त्याच डोक्यावरचे. मान काही लांब झालेली नाही, पण बावन्नाव्या वर्षी मला एकदाचे कमरेपर्यंत केस हवेत. पोरंबाळं नाहीत, नवरा केस बघण्याच्या वयात असतानाही बघत नव्हता, तेव्हा हा हट्ट निव्वळ माझा आहे.

अडचण टोकांची आहे. ती अशी फाटलीत की परवा शेजारचीने मला पाठमोरी बघून विचारलं, झाडू कुठून आणलात? म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नुसती चौकशी करायला गेले. तिथला मुलगा स्वतःच शेंडी बांधून हिंडतो. त्याने माझे केस दोन बोटांत, मेलेला उंदीर उचलावा तसे उचलले आणि म्हणाला, "मॅम, लेयर्स. मूव्हमेंट येईल." मी म्हटलं, बाबा रे, मूव्हमेंट मला गुडघ्यांत हवी आहे.

तू तीस वर्षं एकच धडा शिकवत आलीस: केस वाढवायचे तर टोकं सरळ, पट्टी लावून कापल्यासारखी. म्हणजे लांबी दाट दिसते. लेयर्स केले की वरचे केस आखूड, खालचे विरळ, आणि ते सगळे एका लांबीला यायची वाट बघता बघता माणूस म्हातारं होतं. मी तर ऑफिसात घरांचे नकाशे काढते, सरळ रेषेचाच पगार खाते. तरी रीतसर विचारते: सरळ की लेयर्स? उत्तर मला माहीत आहे. फक्त शेंडीवाल्याचा उद्धार तुझ्या शब्दांत हवा आहे, त्याला वाचून दाखवीन म्हणते.

आणि दुकानातल्या आरशावरचा तो फोटो आता तरी काढ. शाळेच्या फोटोसाठी तू केस कापलेली आठ वर्षांची मी, कपाळावरचे केस जिन्यासारखे उतरत गेलेले, आणि खाली तुझ्या सुवाच्य अक्षरात "कापताना हलू नये". तू पंधरा वर्षांची, हातात बाबांची कागद कापायची कात्री, आणि दोष माझा! इतकी वर्षं सांगतेय, मी हलले नव्हते.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शेपटी
(पन्नाशी उलटली तरी तू दुसरं नाव ठेवत नाहीस. मागे मागे फिरायचं मी कधीच सोडलंय.)


१९ जानेवारी

शेपटे,

पत्र पावलं. चार पानं फक्त केसांवर! तुझ्या ऑफिसात कामं उरली नाहीत की काय?

लेयर्स करून घे. तिथेच, त्या शेंडीवाल्याकडे. तुझे केस जाड आहेत, लांब झाले की चटईसारखे पाठीवर पडतात. लेयर्सने हलके होतील. हल्ली सगळ्या तेच करतात.

फोटो निघणार नाही. तो दुकानाचा नियम आहे, शोभेची वस्तू नाही. आणि तू हलली होतीस.

दुकान बरं चाललंय. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक नळ गळका, सगळं तू सोडून गेलीस तसंच. समोर मात्र एकीने काचेचं सलून काढलंय. आत इतका उजेड की बाई आत गेली की तिच्या सुरकुत्या रस्त्यावरून मोजता येतात. दारात गिऱ्हाइकाला कॉफी देते म्हणे. मी पाणीसुद्धा मागितल्याशिवाय देत नाही, तरी माझ्याकडे येतात, याचा तिला फार त्रास होतो.

अक्षराला नावं ठेवू नकोस. पेन भिकार आहे.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग पाकिटावरचा पत्ता तपासला. "हल्ली सगळ्या तेच करतात"? हे वाक्य तू लिहिलंस? एकदा एका नवऱ्या मुलीने लेयर्स मागितले म्हणून तू तिला म्हणाली होतीस, "उंदीर पाळलाय का घरी? त्याच्याकडून फुकटात होईल." ती बिचारी लग्नाला सरळ टोकांनी उभी राहिली. आणि आता माझ्या केसांची चटई झाली काय!

समोरचीने तुला कॉफीत काही घालून दिलं असेल, तर भाऊजींनी मला कळवावं.

पेन भिकार आहे हे खरं असावं. "पावलं" मधला काना बघून मला वाटलं, बसमध्ये बसून लिहिलंस. तू, जिच्या वहीतलं अक्षर शाळेतल्या बाई इतरांना दाखवायच्या! मी ऑफिसातून एक चांगलं पेन पाठवते आहे. सरकारी नाही, माझ्या पैशाचं आहे, लगेच ओरडू नकोस.

आता ऐक. शेंडीवाल्याकडे मी जाणार नाही. त्याने फार आर्जवं केली, पहिल्या वेळी सवलत देतो म्हणाला. पण ताई, माझ्या डोक्याला आजवर तुझ्याखेरीज कोणाची कात्री लागलेली नाही. दोन वर्षं केस वाढले ते काही मी नवस केला होता म्हणून नाही. इथे तू नव्हतीस म्हणून वाढले. नंतर मला आवडायला लागले, ते वेगळं.

तेव्हा एप्रिलमध्ये आठवड्याची रजा टाकलीय. आतल्या खोलीतली पेट्यांची चळत हलवून ठेव. मी येते, तुझ्या खिडकीकडच्या खुर्चीत बसते, आणि तू मला सरळ कापून दे. लेयर्सचं खूळ डोक्यातून काढ.

तुझी शेपटी


२० फेब्रुवारी

चि. शेपटीस,

तुझ्या ताईने सांगितलं तसं लिहितो आहे. (मी, भाऊजी. ती हात धुते आहे म्हणून मी लिहितोय. ती बराच वेळ हात धुणार आहे, असं दिसतं.)

एप्रिलमध्ये येऊ नकोस. दुकानाला रंग काढायचा आहे. (मला हे आत्ताच कळलं.) रंगाच्या वासाने तुझं डोकं दुखेल. आतल्या खोलीत पेट्या आहेत आणि त्या हलवण्यासारख्या नाहीत. (रिकाम्या आहेत.)

पेन मिळालं. चांगलं आहे, मी त्याच पेनाने लिहितो आहे. ती म्हणते, पेनाचे आभार मान, पण पैसे उधळत जाऊ नकोस.

पुन्हा सांगते, लेयर्स कर. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी या वर्षी लेयर्स केले आहेत. (हे खरं आहे. एकजात. परवा बसथांब्यावर पाठमोरी उभी असलेली बाई आपली शेजारीण समजून मी हाक मारली, ती भलतीच निघाली.) तू एकटीच कुठे जुनाट राहतेस?

ती म्हणते, रागावू नकोस. नाही, ती म्हणते, हे वाक्य खोड. मी खोडत नाही.

(चष्म्याशिवाय तिला वाचता येत नाही आणि चष्मा माझ्या खिशात आहे. तब्येत सांभाळ. आलीस तर बरं होईल.)

ताईतर्फे, भाऊजी


८ मार्च

ताई,

रंग काढायचा आहे! त्या दुकानाला शेवटचा रंग लागला तेव्हा मी कॉलेजात होते आणि तो मीच लावला होता, कारण रंगारी पैसे फार मागतो म्हणून तू त्याला हाकलून दिलं होतंस. सरळ सांग ना, येऊ नकोस म्हणून. बदली स्वीकारली याचा राग अजून गेलेला नाही तुझा. मोठ्या हुद्द्यावर जाते आहे म्हटल्यावर तू "बरं" म्हणालीस आणि स्टेशनवर आली नाहीस. ठीक आहे. घर तुझं, पेट्या तुझ्या, खुर्ची तुझी. भाऊजींच्या कंसांवरून माझी दया येणारा एक माणूस तिथे आहे, एवढं कळलं. बास झालं. उद्या सकाळी शेंडीवाल्याकडे जाते आणि लेयर्स मारून घेते. उंदराने कुरतडलेली दिसले तर तुझं नाव सांगेन.

९ मार्च

वरचं पान फाडणार होते, पण तुला माझ्या रागाची प्रत मिळायला हवी.

गेले होते. बसले. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले, मान खाली घालायला लावली. तू करतेस तसंच. मी डोळे वर करून आरशात त्याच्याकडे बघत होते, कारण मला भीती वाटत होती, आणि हे मी फक्त तुला सांगते आहे. त्याने एक बट दोन बोटांत धरली आणि कात्री आणली. त्याचा हात हवेत असा थांबला होता, जणू भिंतीला खिळ्याने ठोकलाय. एवढासा पोरगा, आणि हात काय स्थिर!

आणि मला तुझा काना आठवला.

मी उठले. ओल्या केसांनी, गळ्यात त्याचं कापड घेऊन घरी आले. (कापड नंतर धुऊन परत केलं. तो आता मला बघून फुटपाथ बदलतो.) तुझी जुनी पत्रं काढली आणि जानेवारीचं पत्र शेजारी ठेवलं. ताई, मी रेषा बघून पोट भरते. भिकार पेन अडखळतं, शाई सोडतं. ते प्रत्येक उभ्या रेषेत सारखं लाटांसारखं जात नाही.

तू हात धूत नव्हतीस. तुझा हात थरथरतो का?

खोटं लिहिणार असशील तर भाऊजींकडून लिहून घे, म्हणजे खरं कंसात मिळेल.

शेपटी


२१ मार्च

शेपटे,

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे. लागतील तेवढे चष्मे लाव.

हो. उजवा. गेल्या वर्षीपासून. आधी कपबशी वाजायला लागली, मग बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाने होतो असा कंप. त्यांना काय जातंय म्हणायला, हात त्यांचा नाही. गोळी देतात. गोळीने थोडा कमी होतो आणि दुपारी झोप येते, म्हणजे आता मी झोपाळू आणि कापरी.

केस धुता येतात, रंग लावता येतो. सरळ टोकं कापता येत नाहीत. सरळ रेघेत लपायला जागा नसते, सुताएवढं चुकलं तरी पाठीवर दिसतं. लेयर्समध्ये सगळंच खालीवर असतं, चुकलं कुठे आणि मुद्दाम कुठे, कोणाला कळत नाही. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगते, लेयर्स कर, फॅशन आहे. त्या करतात. गल्लीतल्या यच्चयावत बायका माझ्या हातामुळे फॅशनमध्ये आल्यात. आणि गंमत ऐक, समोरचीने ते बघून दारावर पाटी लावलीय, "लेयर्स स्पेशल". तिच्या त्या उजेडात, स्थिर हातांच्या तीन पोरी बसवून ती माझ्या थरथरीची नक्कल करते. ज्या दिवशी पाटी लागली त्या दिवशी मी हसले, आणि मग आत जाऊन रडले. ते भाऊजींना सांगितलेलं नाही.

ती माझी जागाही मागते आहे. सामानाची खोली करायची म्हणे. एप्रिलअखेर उत्तर देते, असं मी सांगितलंय. बहुतेक देऊन टाकीन. केशकर्तनालय चालवायचं आणि सरळ कापता येत नाही, हे स्वतःला फसवणं किती दिवस चालायचं?

तू ये म्हणालीस तेव्हा मला भीती वाटली. बाकीच्यांचे केस पुन्हा वाढतात, त्या पुढच्या महिन्यात विसरतात. तू आयुष्यात एकदा वाढवलेस. त्यावर मी वाकडी रेघ मारायची? ते मला जमणार नाही. स्टेशनवर आले नाही ते रागाने नाही. तिथे रडले असते आणि तू गाडी सोडली असतीस. तू सोडली असतीस हे मला माहीत आहे.

जा त्या पोराकडे. हात चांगला आहे म्हणतेस ना. सरळ कापून घे.

ताई


२८ मार्च

ताई,

गाडी सहा तारखेची आहे. पेट्या हलव.

शेपटी


१६ एप्रिल

प्रिय ताई,

पोचले. हे पत्र म्हणजे लेखी निवेदन समज, कारण तिथे असताना तू मला बोलू दिलं नाहीस आणि निघताना स्वतःही बोलली नाहीस.

मी, खाली सही करणारी, धाकटी बहीण, पूर्ण शुद्धीत लिहून देते, की मी तुझ्या खिडकीकडच्या खुर्चीत तीन दिवस रोज जाऊन बसले आणि तू तिन्ही दिवस नाही म्हणालीस. पहिल्या दिवशी नळाचं कारण सांगितलंस, दुसऱ्या दिवशी उजेडाचं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, मग समोर जाते आणि तुझ्या आरशातून दिसेल अशी बसून "लेयर्स स्पेशल" करून घेते. तेव्हा तू कात्री उचललीस. ही माझी धमकी होती आणि मला तिची लाज वाटत नाही.

भाऊजी बाहेरून काच पुसत होते. स्वच्छ असलेली काच ते तासभर पुसत होते, हेही नोंदवते.

तू केस ओले केलेस, मान खाली घालायला लावलीस, आणि म्हणालीस, "हलू नकोस." मला फक्त तुझा श्वास ऐकू येत होता. तू तो धरून एकदा कापायचीस आणि सोडायचीस. कात्रीचं टोक दोनदा कापडाला लागलं. मग तू मागे सरलीस आणि आरशात बघितलंस, आणि मीही मागून लहान आरसा धरून बघितलं.

डावीकडे बोटभर खाली. आपण दोघींनी बघितलं.

जन्मभर, केस कुठेही जरा खालीवर झाले की तू एकच बोलत आलीस: "तू हललीस." त्या दिवशी तू बोलली नाहीस. कात्री फडक्यात गुंडाळलीस, खणात ठेवलीस आणि म्हणालीस, "चहा टाकते." ताई, तुझा हात थरथरतो हे कळलं तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते. त्या न बोलण्याला घाबरले. पुढचे दोन दिवस तू माझ्याशी इतकी गोड वागलीस, की मला वाटलं माझंच काहीतरी गंभीर आहे आणि तुम्ही दोघं लपवताय.

म्हणून मी लिहून देते. मी हलले.

डावा पाय झोपला होता, तो सोडवायला सरकले, मान फिरली. तुझी रेघ सरळ होती, कात्रीखाली मीच जागेवर नव्हते. कोणी विचारलं तर हेच सांगायचं, आणि मी इथे हेच सांगते आहे. ऑफिसात सगळे पट्टी घेऊन जन्मलेले, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिघांनी विचारलं. शेंडीवाला तर धावत रस्ता ओलांडून आला, "मॅम, दोन मिनिटांत सरळ करून देतो, फुकट." मी म्हटलं, हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी जिची कात्री आहे तीच लावेल.

शाळेच्या फोटोच्या वेळी मात्र मी हलले नव्हते. ते प्रकरण वेगळं आहे आणि त्यात मी माघार घेणार नाही.

केस दाट दिसतात गं. सरळ टोकांनी लांबी अशी भरून दिसते, तू म्हणायचीस तशी. मी दिवसातून चारदा वेणी सोडते.

सही केली आहे,
तुझी शेपटी


१३ मे

शेपटे,

हललीसच. मला तेव्हाच कळलं होतं. पाहुणी म्हणून बोलले नाही.

आणि दोन्ही वेळा हललीस.

समोरची आली होती. जागा देत नाही म्हणून सांगितलं. फार गोड हसली, कॉफीला बोलावलंय. कालपासून येणाऱ्या प्रत्येकीला आधीच बजावते: सरळ हवं तर वेळ लागेल आणि थोडं इकडेतिकडे होईल, घाई असेल तर समोर जा. दोघी समोर गेल्या. एक बसली. तिचं बरं आलं. अगदी सरळ नाही, पण बरं.

पाठमोरा फोटो काढून पाठव, केस मोकळे सोडून, डावी बाजू नीट दिसेल असा. जुन्या फोटोच्या खाली मी खिळा ठोकून घेतलाय. भाऊजींनी ठोकला, मी फक्त जागा दाखवली. "कापताना हलू नये" हीच पाटी चालेल, दोन्हींना मिळून.

ऑक्टोबरात ये. खुर्चीला पट्टा लावून घेते.

ताई